तयार नान-पिटावर आठ पाहुण्यांचं जेवण

शनिवारी आठ जण जेवायला, तुम्ही घरी पोहोचणार सहाला, आणि हाताशी नान, पिटा, टॉर्टियाचे पुडे, असं लिहिलंत. आधी काय करू नका ते सांगते. पाहुणे गप्पा मारताहेत आणि आपण गॅसपाशी एकेक टॉर्टिया उलटतोय, असं काही निवडू नका. मी एकदा केलंय. शेवटचा केसाडिया (चीज भरून दुमडलेला टॉर्टिया) तव्यावरून उतरेपर्यंत पहिल्याचं चीज रबरासारखं झालं होतं.

मुख्य पदार्थ म्हणून ‘फत्ते’ नावाचा पदार्थ करा, म्हणजे भाजलेल्या पिटावर चणे आणि दही. लेबनॉन-सीरियाकडचा हा प्रकार मुळात उरलेल्या पिटासाठीच आहे, त्यामुळे पुड्यातला पिटा वातड असला तरी बिघडत नाही. सहा पिटांचे पदर सोडवून तुकडे करा, तेल-मीठ चोळा आणि 180 अंशांवर 8-10 मिनिटं, चांगले सोनेरी होईपर्यंत भाजा. फिकट राहिले तर दह्याखाली लगेच लगदा होतो. हे शुक्रवारी रात्रीच उरका. तुकडे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की सगळी मेहनत वाया. त्याच रात्री 400 ग्रॅम काबुली चणे भिजत घाला, सकाळी अगदी मऊ शिजवून त्यांच्या पाण्यासकट फ्रीजमध्ये ठेवा. ते पाणी फेकायचं नाही, अर्धी चव त्यातच असते.

शनिवारी एक किलो घट्ट दह्यात चार मोठे चमचे ताहिनी (तिळाची पेस्ट), वाटलेला लसूण, लिंबू आणि मीठ फेटा. वाढायच्या अर्धा तास आधी ते फ्रीजबाहेर काढा, नाहीतर गरम चणे पाच मिनिटांत गार होतात. सगळे टेबलाशी बसले की पसरट भांड्यात पिटा, त्यावर वाफाळते चणे आणि त्यांचंच दोन-तीन डाव पाणी, मग दही, वर लोण्यात परतलेले बदाम नि पुदिना. लगेच वाढा. वरचे तुकडे कुरकुरीत आणि तळाचे भिजलेले, हीच तर गंमत.

नानचा पिझ्झा सुरुवातीला द्या. सगळ्यांचा घात सॉसमुळे होतो: नान कोराच 220 अंशांवर 3-4 मिनिटं भाजून घ्या, मग एका नानला जेमतेम दोन मोठे चमचे दाट सॉस. मशरूम घालणार असाल तर आधी परतून त्यांचं पाणी आटवा. पुन्हा 7-8 मिनिटं ओव्हनमध्ये, आणि चार-चार तुकडे. चार नान पुरे.

टॉर्टिया मी या बेतातून वगळलाच असता. हवाच असेल तर सारण भरून अर्धा दुमडा आणि तेल लावलेल्या ट्रेमध्ये सगळे एकदम भाजा. मक्याचा असेल तर आधी गरम करा, गार दुमडलात की चिरतो.

उरलेले पुडे फ्रीजमध्ये नकोत, तिथे ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीझरमध्ये टाका.

आणि हो, कुणाला तिळाची ॲलर्जी आहे का ते आजच विचारून घ्या. ताहिनी तिळाचीच. असेल तर नुसतं लसूण घातलेलं दही घाला, माझ्याकडे तर निम्म्यांना तेच जास्त आवडतं.