आवाज दिला, पण कशासाठी?

प्रश्न : मी नाशिकला राहते आणि तीन वर्षांपासून घरूनच जाहिराती व ऑडिओबुकसाठी आवाज देते. एका कंपनीने माझ्याकडून तीन हजार सुटी वाक्ये ध्वनिमुद्रित करून मागितली आहेत. मानधन एकरकमी असून नेहमीपेक्षा बरेच जास्त आहे. वापर कुठे होणार असे विचारल्यावर ‘अंतर्गत कामासाठी’ एवढेच उत्तर मिळाले. नमुन्याची वाक्ये सोबत पाठवत आहे. हे काम घ्यावे का?

उत्तर : वापर कशासाठी होणार हे लेखी मिळेपर्यंत हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पाठवलेल्या यादीत ‘तुमचा क्रमांक चौदा आहे’ याच्या पाठोपाठ ‘अरे वा, छान झालं!’ येते, मग गावांची नावे येतात, आणि एकच वाक्य आधी सपाट व नंतर आनंदाने वाचण्याची सूचनाही आहे. जाहिरातीची किंवा माहितीपटाची संहिता अशी नसते. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले वेगवेगळे च, ळ, ण, जोडाक्षरे हे सारे निरनिराळ्या जागी उच्चारले जावे म्हणून अशी यादी मुद्दाम बांधतात आणि त्या ध्वनिमुद्रणावरून संगणकाचा कृत्रिम आवाज घडवतात. तो एकदा घडला की आपण कधीही न उच्चारलेली वाक्ये आपल्याच आवाजात ऐकू येऊ शकतात, आणि उद्या आपल्याकडे येणारे काम परस्पर त्या आवाजाकडे जाऊ शकते.

1957च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्या कलाकारांचे हक्क आहेत. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना, त्यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम संरक्षणही दिले. परंतु तेथे गायकाची परवानगीच नव्हती. आपण मात्र मानधन घेऊन स्वतः वाचून देणार आहात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या ओळीखाली सही केली, तर पुढे भांडायला फारसे काही उरत नाही.

मी स्वतः एकदा सहा महिन्यांच्या बोलीवर रेडिओसाठी जाहिरात केली होती. दोन वर्षांनी तीच जाहिरात एसटी स्थानकाच्या ध्वनिक्षेपकावर ऐकली, तेव्हा दाखवायला माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्याचे वाईट आजही वाटते, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

करारात माध्यम, प्रदेश आणि मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम आवाज तयार करायचा नाही, किंवा करायचा असल्यास तो कोणत्या उत्पादनात, किती वर्षे आणि कोणत्या वाढीव मानधनावर, हे त्यात असावे. मूळ फाइल तिसऱ्या कोणाला देण्यास किंवा विकण्यास मनाई असल्याचे वाक्य तर अजिबात सोडू नये. कंपनी हे लिहून द्यायला तयार असेल, तर काम जरूर करावे. कृत्रिम आवाजासाठी वाचणे हे काम म्हणून मुळीच कमी प्रतीचे नाही.

चाचणी म्हणून काही वाक्ये आपण आधीच वाचून पाठवली असतील, तर त्यांचा वापर केवळ निवडीपुरता आहे, असे कंपनीला आजच ईमेलने कळवावे आणि तो ईमेल जपून ठेवावा.