मॉर्गेजचा प्रोजेक्ट सोडायच्या आधी

अरे, तुझा मेसेज वाचला. अमेरिकन होम लोनच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर टाकलंय, सगळं जुनाट, एकेका फील्डला ढीगभर व्हॅलिडेशन, सोडू का म्हणतोयस. सोड बिनधास्त, पण आधी ऐक, मी पण याच डोमेनमध्ये केस पांढरे केलेत.

१९२९ ला शेअर बाजार कोसळला हे सगळ्यांना माहितीये, पण लोकांची खरी वाट लागली ती नंतर. १९३० ते ३३ मध्ये तिकडे जवळपास ९,००० बँका बुडाल्या, ३३ मध्ये चारातला एक कामगार बेकार होता. आणि घराचं कर्ज तेव्हा कसं असायचं माहितीये? बरीचशी कर्जं तीन-पाच वर्षांची, निम्मी किंमत आधी खिशातून, मग नुसतं व्याज भरत राहायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी, नाहीतर नवीन कर्ज काढून जुनं फेडायचं. आता बँकाच बुडतायत तर नवीन कर्ज देणार कोण! त्यामुळे व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्यांची पण घरं गेली. १९३३ ला सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढली, तिने दहा लाख कर्जं स्वतःकडे घेऊन १५ वर्षांच्या मासिक हप्त्यांवर आणली, पुढच्या वर्षी एफएचए, म्हणजे घरकर्जांचा विमा उतरवणारं सरकारी खातं, आलं आणि मुदत अजून लांबली. तुझ्या स्क्रीनवरचं ते अमॉर्टायझेशन शेड्यूल, म्हणजे दर हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती याचा तक्ता, सर्रास झालं ते तेव्हापासून.

पण याच कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे पण रंगवले. हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं, आणि काळ्या लोकांची वस्ती असली की बहुतेक लालच. एफएचए तर अशा वस्तीतल्या कर्जांना हात लावायला तयार नसायचं. १९६८ च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला, पण तोवर बऱ्याच गोऱ्यांनी घरं घेऊन पोरांच्या नावावर केली होती आणि बरेच काळे लोक भाडंच भरत बसले होते, दोघांच्या संपत्तीतली दरी आजही दिसते. म्हणून १९७५ ला एचएमडीए (होम मॉर्गेज डिस्क्लोजर ॲक्ट) हा कायदा आला, कर्ज कुठल्या भागात दिलं ते बँकांनी सांगायचं, नंतर वंश पण त्यात आला. ते सेन्सस ट्रॅक्टचं, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागाचं, फील्ड तुला फालतू वाटतं ना, ते हेच. तिथला बग 'लो प्रायॉरिटी' म्हणून ढकलू नकोस आणि बीए ला (बिझनेस ॲनालिस्टला) नुसतं फॉरमॅट काय असं विचारू नकोस, हा नियम कधी आला, का आला ते विचार. माझ्या मते या डोमेनमधला चांगला माणूस आणि नुसती कामाची तिकिटं बंद करणारा माणूस यात एवढाच फरक.

आणि एक, घरचं. ठेवींचा विमा पण त्याच मंदीतून आला, तिकडे जानेवारी १९३४ पासून, २,५०० डॉलरपर्यंत. आपल्याकडे १९६० ला केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली तेव्हा जाग आली, १९६२ ला १,५०० रुपयांपर्यंतचा विमा सुरू झाला. २०२० पासून ५ लाख. तुझ्या बाबांनी अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळ्या एफडी एकाच बँकेत ठेवल्यात म्हणालास, तर त्यांना सांग की ते ५ लाख व्याज धरून असतात आणि दोन ब्रँचमध्ये वाटून ठेवलं तरी बँक एकच धरतात. आईच्या नावावर वेगळी ठेव असेल तर ती वेगळी मोजतात.