वाटतं, वाटा आणि वाटाघाट

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या लाइट रेलवरचा, म्हणजे शहरी हलक्या रेल्वेवरचा, एक अहवाल मराठीत आणताना 'कम्युनिटी एंगेजमेंट'साठी 'लोकसहभाग' आणि 'रेशल इक्विटी'साठी 'वांशिक समानता' हे शब्द चालतील का? नमुन्याचं वाक्यही सोबत दिलंय: 'व्यापक लोकसहभागातून या प्रकल्पात वांशिक समानता साधण्यात आली.'

नाही चालणार. त्यातला 'वांशिक' तेवढा ठेवा. 'वर्णीय' लिहाल तर मराठी वाचकाच्या मनात आधी चातुर्वर्ण्य उभं राहील आणि अमेरिकेतला काळ्या-गोऱ्यांचा इतिहास मागे पडेल. बाकी दोन्ही शब्द बदलायला हवेत.

'लोकसहभाग' हा शब्द हल्ली इतका सैल झालाय की तो ऐकला की मला राग येतो. आपल्या खेड्यांत 'लोकसहभागातून तळ्यातला गाळ काढला' म्हणतात तेव्हा लोकांनी श्रमदान केलं, वर्गणी काढली, ट्रॅक्टर दिले असा स्पष्ट अर्थ असतो. शहरात तोच शब्द सभागृहात मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवरचा नकाशा आणि 'तुमच्या सूचनांचं स्वागत आहे' एवढ्यासाठी वापरतात. तुमचं वाक्य वाचणाऱ्या सातारच्या माणसाला वाटेल, सेंट पॉलच्या रहिवाशांनी स्वतः रूळ टाकले!

यावर काही भाषातज्ज्ञ सांगतात की 'सहभाग' हा निर्दोष शब्द आहे, कारण 'भाग' म्हणजेच वाटा. व्युत्पत्ती त्यांची बरोबर आहे. संस्कृत 'भज्' म्हणजे वाटून देणं. त्यातून भाग, भाग्य, विभाग, भागीदार, भक्त असे शब्द आले, आणि ताटातला भातही 'भक्त'मधूनच आला, म्हणजे वाट्याला आलेलं अन्न. पण हा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. ज्या शब्दाच्या मुळात हिस्सा आहे तो शब्द हिस्सा न देता वापरणं ही साधी चूक नाही, फसवणूक आहे. मुळाचा दाखला देऊन चुकीच्या वापराला अभय देणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा एखाद्या जनसुनावणीला शेवटच्या रांगेत बसून यावं.

आता मला खरं सांगायचंय ते. मराठीत 'वाटणे' हे क्रियापद तीन अर्थांनी येतं. मला वाटतं, चटणी वाटते, पेढे वाटते. तिन्ही आज सारखीच लिहितो म्हणून ती एकच आहेत असं समजू नका. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडा. हिस्से करणं या अर्थाचं क्रियापद तिथे 'वांटणें' असं अनुस्वारासकट दिलंय, आणि नामही 'वांटा'. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, लेखन सोपं झालं, पण या शब्दाची ओळख पुसली गेली. तो अनुस्वार शोभेचा नव्हता. संस्कृत 'वण्ट्', म्हणजे विभागणं, याच्यातल्या अनुनासिकाची ती खूण होती. हिंदीतल्या 'बाँटना'त ती अजून टिकून आहे.

उरलेल्या दोघांचं कूळ निराळं. 'वृत्' म्हणजे फिरणं, वळणं, असणं. 'वर्तते'चं प्राकृतात 'वट्टइ' झालं आणि मराठीत 'वाटे', म्हणजे मनात फिरतं ते वाटणं. 'वर्तयति' म्हणजे फिरवतो, त्यातून पाट्यावर वरवंटा फिरवून मसाला वाटणं. पायाखालची वाटसुद्धा याच घरातली, 'वर्त्मन्'ची. म्हणजे वाट, मनाला वाटणं आणि मसाला वाटणं ही तिन्ही सख्खी भावंडं आहेत. वाटा मात्र परक्या घरचा. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारणं आणि वाटा देणं यांचं भाषेतसुद्धा नातं नाही. माझा सगळा आक्षेप या एका गोष्टीवर उभा आहे, कारण सेंट पॉलमध्ये नेमकं हेच घडलं होतं.

तिथली हकीकत थोडक्यात सांगते, नाहीतर शब्द हवेत राहतील. सेंट पॉलमध्ये रॉन्डो ही आफ्रिकन-अमेरिकन लोकांची मोठी, नांदती वस्ती होती. घरं, दुकानं, चर्चेस, स्वतःची मंडळं, सगळं होतं. १९५६ ते १९६८ या काळात आय-९४ हा महामार्ग तिच्या मधोमध नेला गेला. सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं गेली. २०१५मध्ये महापौर ख्रिस कोलमन आणि राज्याच्या वाहतूक विभागाच्या प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. महामार्ग जिथला तिथेच आहे.

या महामार्गाला जवळजवळ समांतर असलेल्या युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवरून मिनिआपोलिस ते सेंट पॉल अशी सुमारे ११ मैलांची लाइट रेल आखली गेली. तेव्हा तिचं नाव सेंट्रल कॉरिडॉर होतं, आज ग्रीन लाइन. बैठका झाल्या, नकाशे टांगले गेले, लोकांना काय वाटतं ते लिहून घेतलं गेलं. आणि आराखड्यात रॉन्डोच्या लगतच्या भागात स्थानकं आली ती मैलामैलाच्या अंतरावर. वेस्टर्न, व्हिक्टोरिया आणि हॅम्लिन ही तीन नाक्यांवरची स्थानकं वगळली गेली. त्याच रस्त्यावर १६ नंबरची बस थोड्या थोड्या अंतरावर थांबायची. रेल्वे आली की या बसच्या फेऱ्या कमी होणार होत्या. ज्यांच्याकडे मोटार नाही, ज्यांची दुकानं आणि दवाखाने या बसवर अवलंबून, त्यांच्या दारावरून गाडी न थांबता जाणार होती.

हे कुणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणाने झालं असं समजू नका. केंद्र सरकारचा पैसा हवा तर प्रकल्पाला किफायतशीरपणाचा एक निर्देशांक गाठावा लागे. त्याचं सूत्र प्रवाशांचा वाचणारा वेळ खर्चाशी ताडून पाही. स्थानक वाढलं की खर्च वाढतो आणि लांबच्या प्रवाशाची गाडी हळू होते. त्या स्थानकाशी राहणाऱ्यांची गरज किती मोठी आहे, त्या वस्तीवर आधी काय बेतलंय, याला सूत्रात रकानाच नव्हता. सूत्र सगळ्या शहरांना सारखं होतं. म्हणजे 'समानता' होती!

इथे तुमचा दुसरा शब्द कोसळतो. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत हिंदीत 'प्रतिष्ठा और अवसर की समता' आहे आणि मराठीत 'दर्जाची व संधीची समानता'. तिथे ती अगदी योग्य आहे, कारण मूळ शब्द 'इक्वॅलिटी' आहे. 'इक्विटी' म्हणजे ते नव्हे. सगळ्यांना एकच माप लावणं ही समानता. कुणाचं काय हिरावलं गेलंय आणि कुणाला किती गरज आहे हे पाहून वाटप करणं ही इक्विटी. त्यासाठी मराठीत शब्द नाही म्हणून 'समता-न्याय', 'निष्पक्षता' असली जुळवाजुळव करणाऱ्यांना मी एवढंच विचारते, 'समन्यायी पाणीवाटप' कधी ऐकलं नाही का? पुरंदरच्या नायगावात १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथला नियम असा की पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मिळणार, आणि भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. पुढे आटपाडीत पाण्यासाठी लढणाऱ्यांनी हाच आग्रह धरला. 'समन्यायी' हा शब्द शासकीय कोशात असेल, पण त्याला अर्थ दिला तो या माणसांनी. सेंट पॉलच्या लोकांची मागणी याच जातीची होती. तेव्हा 'वांशिक समन्याय' लिहा. आणि पाहा, त्या शब्दाशेजारी आपण आपसूक 'वाटप' ठेवतो. 'समानतेचं वाटप' कुणी म्हणत नाही.

आता 'एंगेजमेंट'. मूळ फ्रेंच शब्दात 'गाज' आहे, म्हणजे तारण. गुंतणाऱ्याने काहीतरी तारण ठेवायचं, शब्द मोडला तर ते जायचं. बैठक बोलावणाऱ्याने काय तारण ठेवलं, हा प्रश्न प्रत्येक अहवालाला विचारायला हवा. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द माझ्या मते 'वाटाघाट'. यावर लगेच हरकत येईल हे ठाऊक आहे. वाटाघाटी राजकीय पक्षांच्या असतात, युद्ध थांबवायला असतात, नागरिकांच्या कसल्या? ही आजच्या बातम्यांनी लावलेली सवय आहे. या शब्दाची 'वाट' अधिक 'घाट' अशी फोड करून डोंगरातल्या अवघड प्रवासाचं चित्र रंगवणारेही मला भेटलेत. चित्र सुंदर आहे, फोड चुकीची आहे. त्यात 'वाटा' म्हणजे हिस्सा पाहणारेही चुकतात. माझं ठाम मत, हा शब्द वाटणे आणि घाटणे या दोन क्रियापदांच्या जोडीतून आला. वाटणे वरवंट्याचं, घाटणे आंबील घाटतात ते. विषय पाट्यावर घ्यायचा, फिरवायचा, ढवळायचा, त्यात काही घालायचं, पुन्हा फिरवायचा. वाटणात पडलेलं खोबरं आणि पडलेली मिरची, दोन्ही मूळ रूपात बाहेर येत नाहीत. बैठकीनंतर आराखडा जसाच्या तसा बाहेर आला तर वाटाघाट झालीच नाही. ही कसोटी 'लोकसहभाग' या शब्दात कुठेही नाही, म्हणून मी तिच्यासाठी इतकी भांडते.

सेंट पॉलमध्ये कसोटी लागली ती नंतर. 'स्टॉप्स फॉर अस' या नावाने रहिवासी, चर्चेस आणि वस्तीतल्या संस्था एकत्र आल्या. वर्णभेदाला मनाई करणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक योजनेला लागू होतं, त्याचा आधार घेतला गेला. जानेवारी २०१०मध्ये तेव्हाचे वाहतूक मंत्री रे लाहूड यांनी किफायतशीरपणाच्या निर्देशांकाची ती सक्ती काढून टाकली, आणि तिन्ही स्थानकांचा रस्ता मोकळा झाला. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची स्थानिक शाखा आणि इतर वादी न्यायालयातही गेले होते. जानेवारी २०११मध्ये न्यायाधीश डोनोवन फ्रँक यांनी निकाल दिला की बांधकामाच्या काळात दुकानदारांच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा विचार पर्यावरणीय अहवालात पुरेसा झालेला नाही. काम मात्र थांबवलं नाही. १४ जून २०१४ला गाडी सुरू झाली, तिन्ही स्थानकांसह.

म्हणजे एकाच प्रकल्पात तीन वेगळ्या गोष्टी झाल्या आणि तुमचा अहवाल तिन्हींना एकाच शब्दात कोंबतोय. सुरुवातीला लेखी मतं मागवली, तिथे आपला सरकारी पण प्रामाणिक शब्दप्रयोग वापरा: 'हरकती व सूचना'. १९६६च्या नगररचना कायद्यापासून तो आपल्या कानावर आहे, आणि त्यात कुठलंही खोटं आश्वासन नाही. लोकांना समोर बसवून ऐकलं तिथे 'जनसुनावणी'. स्थानकांवरून आघाडी आणि यंत्रणा यांच्यात जे घडलं ते 'वाटाघाटी'. 'सहभाग' फक्त तिथे, जिथे रहिवाशांना निर्णयाचा अधिकार मिळाला. असा प्रसंग अहवालात नसेल तर तो शब्द एकदाही येऊ देऊ नका.

सिअॅटलचं उदाहरण अहवालात पुढे येत असेल तर तिथे जास्त जपा. रेनिअर व्हॅली या बहुवांशिक भागात रूळ मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्यावर, जमिनीच्या पातळीवर टाकले, शेजारच्या बीकन हिलखाली मात्र बोगदा केला. 'सेव्ह अवर व्हॅली' ही रहिवाशांची संघटना बोगद्यासाठी न्यायालयात गेली आणि २००३मध्ये अपिलात हरली. भागाला पाच कोटी डॉलरचा विकास निधी मिळाला. त्याला 'भरपाई' म्हणा. 'समन्याय' म्हणू नका, रहिवाशांनी मागितलं होतं ते त्यांना मिळालं नव्हतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'रहिवाशांनी लढून आणि वाटाघाटी करून तीन स्थानकं मिळवली, त्यामुळे प्रकल्प वांशिक समन्यायाच्या दिशेने सरकला.' 'साधण्यात आली' हे कर्मणी रूप काढाच. ते वापरलं की कुणी साधली हे सांगावं लागत नाही, आणि इथे कुणी हेच महत्त्वाचं आहे. शिवाय साधणं पूर्ण झालं असंही त्यातून सुचतं. रस्त्यावरची बहुतेक पार्किंगची जागा गेल्यावर धंदा बसलेल्या दुकानदाराला ते मान्य होणार नाही.

एक राहिलं. वस्तीचं नाव जोसेफ रोंदो या फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या माणसावरून आलंय, म्हणून कुणी तुम्हाला 'रोंदो' लिहायला सांगेल. ऐकू नका. तिथली माणसं 'रॉन्डो' म्हणतात, तेच लिहा.