सुपारीच्या काट्यावर नवीन आहेस म्हणून

बाळा, काल तू काकूंना ‘दहा किलोसाठी एवढी घासाघीस?’ म्हणालास, ते खटकलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनवर आलं, तेव्हा त्यांची पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी दुपारभरात आडवी झाली. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. ही दहा किलो म्हणजे त्यानंतरचा पहिला माल! काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, पाहिलंस?

वजन मोठ्याने वाच, काटा त्यांच्याकडे फिरव. ‘वादळात किती गेलं?’ असं मात्र विचारू नकोस. मी विचारलं होतं एका घरी. वर्षभर तिथलं कोकम सरबत नशिबी नव्हतं. सांगायचं असेल तर पडवीत बसवून आपणहून सांगतात.