घरचा सर्व्हर, बाहेरची वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी उबुंटू सर्व्हर आहे. घरात एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) व्यवस्थित चालतं. राउटरमध्ये बाहेरचा २२२२ पोर्ट सर्व्हरच्या २२ कडे वळवला. सर्व्हरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये २२ फक्त घरच्या पत्त्यांना खुला होता, म्हणून २२२२ वेगळा उघडला. तरी बाहेरून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं.

उत्तर : ‘रिफ्यूज्ड’ आलं असतं तर पॅकेट पोहोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही, असा अंदाज बांधता आला असता. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट वाटेतच गडप होतंय. एक चूक तुमच्या वर्णनातच दिसते. राउटर पोर्ट बदलूनच पॅकेट आत सोडतो, त्यामुळे सर्व्हरला ते २२ वर येताना दिसतं. यूएफडब्ल्यूमधला २२२२ चा नियम इथे निरुपयोगी आहे.

पण २२ सगळ्यांना उघडण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा आणि ‘माझा आयपी कोणता’ हे दाखवणाऱ्या साइटवरच्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील तर तुमच्या राउटरपुढे आणखी एक नॅट (अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) आहे. वॅन पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ मध्ये असेल तर ते सीजीनॅट, म्हणजे सेवादात्याने अनेक ग्राहकांसाठी लावलेलं सामायिक नॅट. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. मग बाहेरचं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग शून्य. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर आधी मोडेम तपासा. बऱ्याचदा तोच दुसरा राउटर असतो आणि त्याला ब्रिज मोडमध्ये (फक्त जोडणी पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकलं की काम होतं.

चाचणी मोबाइल डेटावरूनच करा. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणं अनेक राउटरना जमत नाही आणि चांगली मांडणी उगाच बिघडलेली वाटते.

सीजीनॅट निघालं तर सेवादात्याकडे सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर जोडणी आतून बाहेर करा. आम्ही दुसरा मार्ग सुचवू, कारण त्यात घरचा एकही पोर्ट इंटरनेटला उघडावा लागत नाही. सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या आणि त्यावर वायरगार्ड (यंत्रांना सुरक्षित ‘बोगद्या’ने जोडणारी प्रणाली) यूडीपी प्रकारच्या ५१८२० पोर्टवर ऐकत ठेवा. घरचा सर्व्हर आणि तुमचा लॅपटॉप, दोघंही त्याला जोडा. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद हवाच; नाहीतर शांतता पडली की नॅट ती वाट विसरतं आणि बाहेरून हाक मारता येत नाही. तिथल्या ‘अलाउड आयपीज’मध्ये (बोगद्यातून कोणते पत्ते जातील ते ठरवणाऱ्या ओळीत) फक्त बोगद्याचा पट्टा लिहा, उदाहरणार्थ १०.८.०.०/२४. ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) लिहिलंत तर सर्व्हरची सगळी वाहतूक व्हीपीएसमार्गे वळेल. उलट व्हीपीएसवर प्रत्येक पीअरला (जोडलेल्या यंत्राला) स्वतंत्र /३२, म्हणजे त्याचा स्वतःचा एक पत्ता, द्या. दोघांना एकच पत्ता दिला तर नंतरचा पहिल्याचा हिसकावून घेतो.

व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग (एका यंत्राचं पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) चालू करा आणि यूएफडब्ल्यू असेल तर त्याला परवानगी देणारा ‘यूएफडब्ल्यू रूट’ नियमही घाला. व्हीपीएस देणाऱ्याच्या नियंत्रण पॅनेलवर अनेकदा वेगळी फायरवॉल असते, तिथेही यूडीपी निवडा. सवयीने टीसीपी उघडलं जातं. घरच्या सर्व्हरवर २२ ला बोगद्याच्या पट्ट्यातून परवानगी द्या. वायरगार्डची की (ओळख पटवणारी किल्ली) चुकली तर ते गप्प बसतं, त्रुटी दाखवत नाही. ‘डब्ल्यूजी शो’ या आज्ञेच्या उत्तरात ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन टोकांची शेवटची ओळख पटल्याची वेळ) ही ओळ आहे का ते बघा. ती नसेल तर घोटाळा की, पत्ता किंवा फायरवॉलमध्ये आहे.

प्रश्न : व्हीपीएसकडे एसएसएचचा उलटा बोगदा (घरून सुरू होणारी, पण व्हीपीएसवरून घरी येऊ देणारी जोडणी) केला आहे. काही तास चालतो, मग अडकतो. पुन्हा सुरू केला तर पोर्ट आधीच वापरात असल्याचं कळतं.

उत्तर : जोडणी मेली, पण दोन्ही टोकांना ते कळलेलं नाही. घरच्या बाजूला ‘सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल’ ३० आणि ‘सर्व्हर अलाइव्ह काउंट मॅक्स’ ३ ठेवा, म्हणजे ९० सेकंदांत एसएसएच स्वतः बंद पडेल. व्हीपीएसच्या एसएसएचडीमध्ये (एसएसएचच्या सर्व्हर बाजूच्या प्रोग्रॅममध्ये) ‘क्लायंट अलाइव्ह इंटर्व्हल’ही ३० करा, तो मुळात ० असतो, म्हणून जुनं सत्र पोर्ट अडवून बसतं. ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ला ‘येस’ द्या, नाहीतर पोर्ट न मिळताही एसएसएच जोडलेलं राहतं आणि सिस्टमडीला (सेवा सुरू ठेवणाऱ्या प्रणालीला) वाटतं सगळं ठीक आहे. सेवेत ‘रीस्टार्ट’ला ‘ऑल्वेज’ आणि मध्ये १० सेकंदांची उसंत. ‘गेटवे पोर्ट्स’ला हात लावू नका, मूळ स्थितीत पोर्ट व्हीपीएसच्या आतूनच दिसतो आणि तेच हवं.

प्रश्न : एसएसएचसाठी पासवर्डने लॉगिन बंद केलं, तरी सर्व्हर पासवर्ड मागतोच.

उत्तर : एसएसएचडीत एखाद्या सेटिंगची पहिली आढळलेली किंमत टिकते. उबुंटूत मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डर वाचला जातो आणि तिथे क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या साधनाची) ५० ने सुरू होणारी फाइल पासवर्ड चालू ठेवत असू शकते. तिथे बदल करा, सेवा रीस्टार्ट करा आणि नव्या खिडकीतून कीने आत शिरता येईपर्यंत जुनं सत्र बंद करू नका.