हिस्टनमध्ये घरं खरोखर कितीला विकली जातात?

तुमचा प्रश्न असा: केंब्रिजजवळच्या हिस्टन गावात अलीकडे घरं कितीला गेली हे कुठे कळेल, आणि पाच लाख पाउंडांचं बजेट पुरेल का? पुण्यात फ्लॅट आहे, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला विचाराल तर त्या एका वाक्यावरच सगळं अडतं. पण आधी भावाचं बघू.

जाहिरातीतला आकडा धरून बसू नका, ती विकणाऱ्याची अपेक्षा. प्रत्यक्षात किती मोजले ते लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे इथल्या सरकारी मालमत्ता-नोंदणी खात्याच्या, 'प्राइस पेड डेटा' या यादीत दिसतं. १९९५ पासूनचे व्यवहार पत्ता, तारीख आणि रकमेसकट, तेही फुकट. आपल्याकडे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, बघतात तसंच. फक्त रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव, हा प्रकार इथे नाही.

शोधताना गावाच्या नावापेक्षा रस्त्याच्या नावाने शोधा. हिस्टन आणि इम्पिंग्टन ही कागदावर दोन गावं, पण चालताना एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. एजंट सोयीप्रमाणे कुठलंही नाव लावतात. शिवाय दोन्ही केंब्रिज शहरात नाही, तर साउथ केंब्रिजशायर या वेगळ्या जिल्ह्यात येतात. म्हणजे केंब्रिज शहराची सरासरी वाचून या गावाचा अंदाज बांधू नका.

आता तारीख. यादीत दिसते ती व्यवहार पूर्ण झाल्याची. भाव त्याच्या तीन-चार महिने आधी ठरलेला असतो आणि नोंद व्हायला पुढे आणखी काही आठवडे जातात. त्यामुळे 'अलीकडचा' म्हणून जो आकडा आपण बघतो, तो बरेचदा मागच्या मोसमातला असतो. त्यात १ एप्रिल २०२५ पासून स्टॅम्प ड्यूटीची सूट कमी झाली. ती तारीख गाठायला मार्चमध्ये लोकांनी धावपळ केली, तेव्हा त्या महिन्यातले व्यवहार जरा जपूनच वाचा.

सगळ्यात मोठी अडचण क्षेत्रफळाची. यादीत घर डिटॅच्ड (सुटं), सेमी (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं) की टेरेस (रांगेतलं) एवढंच कळतं, आणि इथले लोक बोलतात 'थ्री बेड', 'फोर बेड' असं. कार्पेट की बिल्ट-अप यावर वाद घालत मोठे झालेल्या आपल्याला हे झेपत नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन सेमींच्या किमतींत एवढा फरक का, हे आम्हाला कितीतरी दिवस कळेना. शेवटी दोन्हींचं एनर्जी सर्टिफिकेट, म्हणजे ईपीसी, उघडून बघितलं (तेही ऑनलाइन, फुकट). ते घराच्या ऊर्जावापराचं असतं, पण त्यात क्षेत्रफळही दिलेलं असतं. एक ८४ चौरस मीटर, दुसरं ११८. म्हणजे अंदाजे ९०० आणि १,२७० चौरस फूट! मागे खोली वाढवलेली, माळ्यावर आणखी एक काढलेली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक विक्रीला चौरस मीटरने भागूनच बघायचो. एकच लक्षात ठेवा, हे सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं, त्यामुळे वाढीव बांधकाम नंतरचं असेल तर त्यात दिसणार नाही.

भाव चढा का, हे एकदा तिथे जाऊन आलात की कळेल. जुन्या रेल्वेमार्गावरून २०११ पासून गाइडेड बस (स्वतःच्या वेगळ्या मार्गावरून जाणारी बस) धावते, कंपन्यांनी भरलेला केंब्रिजचा सायन्स पार्क सायकलच्या टप्प्यात आहे आणि भोवती ग्रीन बेल्ट, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला मोकळा पट्टा, असल्याने नवीन बांधकामाला जागा कमी.

आता तुमचा पुण्याचा फ्लॅट. जगात कुठेही घर नावावर असेल किंवा पूर्वी होतं, तर स्टॅम्प ड्यूटीतली पहिल्या घराची सवलत इथे मिळत नाही. पाच लाखांच्या घरावर त्या सवलतीने १०,००० पाउंड ड्यूटी बसली असती, तुम्हाला १५,००० बसेल. आणि सध्या तुम्ही भाड्याने राहत असाल व फ्लॅटमधला तुमचा वाटा ४०,००० पाउंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर दुसरं घर म्हणून पूर्ण रकमेवर आणखी ५ टक्के, म्हणजे २५,०००. एकूण ४०,००० झाले! फ्लॅट बायकोच्या नावावर आहे म्हणून सुटका नाही, नवरा-बायको एकत्रच धरतात. इथला व्यवहार पूर्ण होण्याआधी पुण्याचा फ्लॅट विकलात तर ते २५,००० वाचतात, पहिल्या घराची सवलत मात्र गेली ती गेलीच.

त्यामुळे घरं बघायला लागण्याआधी सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, फ्लॅटबद्दल सांगून टाका. हा खर्च धरला तर तुमचं खरं बजेट साडेचार लाखांच्या आसपास येतं, आणि यादीतही तेवढ्याचीच घरं बघा.