दहावीच्या वर्षात कॉलेजचा कोर्स

मालवणजवळच्या एका गावातून दहावीतल्या मुलीचं पत्र आलंय. इंजिनीअरिंगला असलेल्या चुलतभावाने तिला एनपीटीईएलवरचा (आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स असतात ते संकेतस्थळ) मेकॅनिक्सचा कोर्स दाखवला. ‘सुरुवात मस्त झाली, पण भरती-ओहोटीच्या भागात काहीच कळेना. आजोबा तर तिथीवरून भरतीची वेळ तोंडी सांगतात. मग मी हुशार नाही का? बाबा म्हणतात, आधी दहावी कर, ही थेरं नंतर,’ असं ती विचारते.

पोरी, तू हुशारीत कमी पडलेली नाहीस, तुझं गणित अजून तिथवर पोचलेलं नाही. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पट जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण नुसत्या ओढीने भरती येत नाही. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी, आणि भरती ठरते ती या फरकावर. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, हा फरक मात्र घनाने, म्हणून फार लांबच्या सूर्याचा वाटा कमी. वर्गाच्या जागी घन कुठून आला, हे विकलनाने (डिफरन्सिएशन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते ते काढणं) नीट उलगडतं आणि ते येतं अकरावीच्या गणितात. प्राध्यापक ते एका ओळीत करून पुढे जातात, कारण समोरच्या मुलांची बारावी झालेली असते.

तेव्हा व्हिडिओ थांबव आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीचं गणित उतरवून घे, फुकट आहे. कागद-पेन्सिल घेऊन विकलनाचं प्रकरण सावकाश सोडव. आजोबांचा हिशेबही वहीत मांड: अष्टमी, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. दर तिथीमागचा हा पाऊण तास येतो चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवण्यातून. आजोबांकडे हे उत्तर आहे, कोर्स त्याचं कारण सांगतो. दोन्ही एका पानावर आले की तुला जो आनंद होईल, तो मला इथे बसून दिसतोय.

यंदा कोर्सची परीक्षा मात्र देऊ नकोस. नाव नोंदवून शिकायला पैसे पडत नाहीत, फी लागते ती परीक्षेला. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, या प्रमाणपत्रावर नाही. जानेवारीपासून बोर्डाचा पेपर संपेपर्यंत कोर्स पूर्ण बंद ठेव आणि हे बाबांना आपणहून सांग. चोरून मोबाइल बघू नकोस, त्याने विश्वास जातो. अडलेलं विचारायला जवळच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांकडे चुलतभावाला घेऊन जा. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या शाळकरी मुलीला बहुतेक सर आनंदाने वेळ देतात.

आणि भाऊ, हे तुमच्यासाठी. दहावीची काळजी रास्त आहे, त्यात वाद नाही. पण तुमची मुलगी समोरच्या समुद्राचं गणित सोडवू बघतेय, त्याला थेरं म्हणू नका. रविवारची सकाळ तिला द्या, आणि त्या दिवशी मासळी आणायला बाजारात तिला पिटाळू नका.